जिन्याच्या वळणावरची भिंत

माझं इस्त्रीचं दुकान अलेक्झांड्रियाच्या लब्बान भागात, बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत आहे. दुकानाच्या बरोबर समोर एक पाच मजली जुनी इमारत होती. इटालियन मिस्त्र्यांनी बांधलेली, असं तिथले लोक मिरवायचे. कपडे पोचवायला मी तिच्या जिन्यावरून एकवीस वर्षं चढलो-उतरलो. तिथं जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यात माझाही वाटा आहे. म्हणून सांगतो.

तिसऱ्या मजल्यावर सित्त इन्शिराह आणि त्यांचे नवरे उस्ताज फत्हल्ला राहायचे. आमच्याकडं मानानं बाईला सित्त आणि शिकलेल्या माणसाला उस्ताज म्हणतात. उस्ताज ट्रामच्या कचेरीतून निवृत्त झालेले. सित्त इन्शिराह सूतगिरणीत होत्या. त्यांचं काम एकच, धावता धागा अंगठा आणि तर्जनीच्या मधून जाऊ द्यायचा आणि कुठं जाड झाला, कुठं बारीक झाला ते सांगायचं. तीस वर्षं त्यांनी डोळे मिटून हेच केलं. बाजारात कापड घ्यायला बायका त्यांना बरोबर न्यायच्या. त्यांनी चिमटीत पदर धरून नाक मुरडलं की दुकानदार गुपचूप दुसरं ठाण काढायचा.

त्यांचा मुलगा नादर होडीनं इटलीला गेला. गेला तो अकरा दिवस त्याचा पत्ताच नव्हता. बाराव्या दिवशी फोन आला, सुखरूप पोचला, आता तिकडं कुठल्याशा बेकरीत कामाला आहे. पण त्या अकरा दिवसांत सित्त इन्शिराह यांच्या छातीत जी धडधड शिरली ती काही गेली नाही. दळण आणताना, भांडी घासताना, कधीही यायची. घाम फुटायचा, पाय गळायचे. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, "मावशी, काळीज ठणठणीत आहे. धडधड आली की कुठंतरी थंड, घट्ट जागी तळहात टेकवा. एकेक बोट उचला, एकेक खाली ठेवा. श्वास बोटांच्या चालीनं चालू द्या."

"बस्स? गोळी नाही?"

"हीच गोळी."

त्यांनी जागा निवडली ती दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्याच्या वळणाची. तिथला गिलावा केव्हाच गळून पडला होता आणि आतले पिवळसर दगड उघडे होते, हजारो खांदे घासून गुळगुळीत झालेले. भर उन्हाळ्यातही तो दगड माठासारखा गार असायचा. बाजारातून आल्या की टोपली खाली ठेवायच्या, उजवा तळहात भिंतीला लावायच्या आणि पाचही बोटं सावकाश उचलायच्या, टेकवायच्या. मी कपड्यांचा गठ्ठा घेऊन मागं थांबायचो.

"जा की पुढं, शहाता."

"सावकाश होऊ द्या. शर्ट काही पळून जात नाहीत."

उस्ताज फत्हल्ला यांच्या हातात कायम तेहतीस मण्यांची माळ. बातम्या ऐकतानासुद्धा मणी टकटक चालू. ते बायकोला म्हणायचे, "अल्लानं माणसाला मणी दिलेत. भिंत कुरवाळणारी बाई मी पहिल्यांदा बघतोय."

"मणी तुमच्या बोटांचं ऐकतात, नादरच्या बाबा. भिंत कुणाचं ऐकत नाही. म्हणून बरं वाटतं."

हळूहळू त्या जिन्यात सगळ्यांनाच ती सवय लागली. चौथ्या मजल्यावरच्या शिक्षिका रबाब एरवी खिशात खडूचा तुकडा चोळत असायच्या, त्याही शाळेला जाताना क्षणभर हात लावून जायच्या. गच्चीवरच्या खोलीत बदीर राहायचा. चाळिशीचा, एकटा, गोदीत हमाली करणारा आणि कबुतरं पाळणारा. गल्लीतला सगळ्यात तोंडाळ माणूस. तो भिंतीला हात लावायचा नाही. म्हणायचा, "माझं औषध वर आहे. कबुतर दोन्ही हातांत धरायचं. त्याचं काळीज आपल्यापेक्षा इतकं जोरात धडधडत असतं की आपलं लाजून गप्प बसतं." मग सित्त इन्शिराह यांच्याकडं वळून, नादरची आई म्हणून हाक मारत, "उम्म नादर, भिंतीला लगीन झाल्याचं सांगितलंत ना? उस्ताज बिचारे वर वाट बघताहेत!"

त्या हसायच्या. हसताना तोंडावर हात धरायच्या.

ऑगस्टच्या शेवटी शेजारचं बसकं घर पाडलं. तिथं बारा मजली टॉवर उठणार होता. आधी मोठा खड्डा खणला. समुद्र जवळ, त्यामुळं खड्ड्यात पाणी लागलं, आणि ते उपसायला तीन पंप बसवले. दिवसभर घरघर. माझ्या दुकानातल्या हँगरसुद्धा एकमेकांना लागून किणकिणायचे.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी मी वर निघालो होतो. वळणावर सित्त इन्शिराह उभ्या होत्या, पण बोटं उचलत नव्हत्या. नुसता तळहात भिंतीला आणि डोळे मिटलेले.

"बरं वाटत नाही का?"

"मला बरंय. हिला बरं नाही."

"पंप आहेत हो. सगळी गल्लीच हलतेय."

"आज शुक्रवार आहे, शहाता. पंप बंद आहेत."

मी कान दिला. खरंच, बाहेर चिडीचूप होतं. मशिदीकडं जाणाऱ्यांच्या चपला तेवढ्या वाजत होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि भिंतीवरचा हात दाखवला.

"पूर्वी माझा सगळा पंजा एकदम टेकायचा. आता आधी मधला भाग टेकतो. करंगळी आणि अंगठा हवेत राहतात. बघ."

मी पाहिलं. करंगळीखाली उजेडाची एक बारीक रेघ होती, किंवा मला तशी वाटली.

"भिंतीला पोट सुटलंय," त्या म्हणाल्या. हात काढला तेव्हा तळव्यावर पिठासारखी बारीक वाळू होती. "हात लाव."

मी गठ्ठा डाव्या खांद्यावर सरकवला आणि तळहात लावला. आता माझा तळहात म्हणजे काय, तीस वर्षं तापलेलं लोखंड धरून चपलेच्या टाचेसारखा झालेला. मी निखारा उचलून शेगडीत टाकतो तेव्हा बायको ओरडते, मला काही होत नाही.

"मला तर नेहमीचीच वाटते."

"तळवा नको लावू, तुझा तळवा मेलेला आहे. मनगटाची आतली बाजू लाव. तिथली कातडी जिवंत असते."

तेवढ्यात खालून बदीर शीळ घालत येत होता. बाईमाणसाशेजारी भिंतीला मनगट लावून उभा राहिलो असतो तर पुढचे सहा महिने त्यानं मला जगू दिलं नसतं. मी म्हणालो, "उशीर होतोय, सित्त," आणि वर गेलो.

त्यांनी घरमालक हाज मित्वल्ली यांना गाठलं. हाज माणूस वाईट नव्हता, पण ऐकून घेण्याची त्याला सवय नव्हती. तो म्हणाला, "बाई, ही इमारत माझ्या आजोबांच्या आधीपासून उभी आहे. दोन लढाया पाहिल्यात तिनं." तरी खड्डेवाल्या ठेकेदाराला त्यानं शब्द टाकला. ठेकेदाराचा एक इंजिनिअर आला, चकचकीत बूट घातलेला. त्यानं टॉर्च मारला, बुटाच्या टोकानं पायरी ठोकली, दोन फोटो काढले.

"काही नाही. जुना दगड आहे, थोडा श्वास घेतो."

सित्त इन्शिराह म्हणाल्या, "साहेब, हात लावून बघा."

"बाई, मी डोळ्यांनी बघतो. त्यासाठीच शिकलोय."

दुसऱ्या आठवड्यात हाजनं गवंडी धाडून वळणावरची सगळी भिंत सिमेंटनं लिंपून घेतली. वर पांढरा रंग. रबाब म्हणाल्या, जिना कसा उजळला. मलाही छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

सित्त इन्शिराह यांची मात्र जागाच गेली. सिमेंटला हात लावला की त्यांना आणखी घुसमटायचं. धडधड रोज येऊ लागली. उस्ताज त्यांना धरून वर न्यायचे, पुटपुटत, पण एक-एक पायरी थांबत. पाचसहा दिवसांनी पाहिलं तर त्या नव्या पांढऱ्या भिंतीवरून अंगठ्याचं नख फिरवत होत्या, गिरणीत धागा तपासावा तसं. एका जागी नख थांबलं.

"इथं."

मी डोळे बारीक करून पाहिलं. काही नव्हतं. तीन दिवसांनी त्याच जागी केसाएवढी चीर दिसली. आणखी दोन दिवसांत ती वीतभर झाली.

ऑक्टोबरच्या एका गुरुवारी सकाळी त्यांच्या घराचं दार अडकलं. उस्ताजनी खांदा दिला तेव्हा उघडलं. चौकट तिरपी झाली होती. त्यांनी सुतार बोलवायचं ठरवलं. सित्त इन्शिराह यांनी चप्पल घातली, नादरचा फोटो आणि औषधाची पिशवी घेतली आणि एकेका दाराशी जाऊन सांगितलं, "घर सोडा. आज सोडा." कुणी चहाला आत या म्हणालं, कुणी हसलं. रबाब म्हणाल्या, "सित्त, मुलींच्या परीक्षा आहेत, आता कुठं जाऊ?" मग सित्त इन्शिराह खाली आल्या, गल्ली ओलांडली आणि माझ्या दुकानासमोरच्या खुर्चीत इमारतीकडं तोंड करून बसल्या.

उस्ताज मागोमाग. "इन्शिराह, उठ. लोक बघताहेत."

"बघू देत."

"चाळीस वर्षांत तू मला असं रस्त्यावर आणलं नव्हतंस."

"रस्त्यावर आहात तेवढा वेळ तरी बरे आहात. बसा."

ते बसले नाहीत. माळ वाजवत वर निघून गेले. त्या रात्री सित्त इन्शिराह माझ्या बायकोकडं, मागच्या गल्लीत झोपल्या. सकाळी पुन्हा खुर्चीत. शुक्रवारी, शनिवारी तेच. त्या काही बोलत नव्हत्या, कुणाला अडवत नव्हत्या. नुसत्या समोर बघत बसायच्या. मी समोर इस्त्री फिरवत असायचो आणि माझीही नजर सारखी तिकडंच जायची. आधी ती नुसती इमारत होती. आता तिच्या खिडक्या मोजाव्याशा वाटायच्या.

मग एक गोष्ट सुरू झाली. कुणी कबूल करत नव्हतं, पण लोक जायला लागले. पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबाला अचानक तांता गावातल्या मामाची आठवण आली. रबाब दोन्ही मुलींना घेऊन, दप्तरांसकट, बहिणीकडं गेल्या. जाताना म्हणाल्या, "दोनच दिवस, शहाता. तिकडं अभ्यासाला शांतता असते." डोळ्याला डोळा दिला नाही. पाचव्या मजल्यावरच्या जोडप्यानं पांढरा रंग सहन होत नाही, वासानं डोकं दुखतं, असं सांगितलं. सगळे आपापली गादी डोक्यावर घेऊन खाली येत आणि सित्त इन्शिराह यांच्यासमोरून मान खाली घालून जात. त्या प्रत्येकाला म्हणायच्या, "सांभाळून जा."

बदीरही शुक्रवारी गोदीतल्या एका मित्राकडं झोपायला गेला. पण कबुतरं न्यायची कुठं? चाळीस कबुतरं होती, त्यांत काही पिलं. दिवसातून दोनदा तो दाणा-पाणी द्यायला वर चढायचा. शनिवारी दुपारी दुकानात आला, इस्त्रीला दिलेला एक शर्ट मागायला. बहिणीकडं लग्नाला जायचं होतं पुढच्या आठवड्यात. शर्ट अजून ओला होता.

तो काउंटरवर रेलला. नेहमीचं हसू नव्हतं. हळूच म्हणाला, "शहाता, एक सांग. तू रोज वर-खाली करतोस. तू कधी हात लावलास का त्या भिंतीला? खरं सांग, चेष्टा नाही."

"लावला होता."

"मग?"

सित्त इन्शिराह चार पावलांवर बसल्या होत्या. त्यांना ऐकू गेलं असतं तर मी वेगळं बोललो असतो का, माहीत नाही. मी आवाज खाली आणला. "काही नाही वाटलं. भिंत ती भिंत. बाईला मुलाच्या काळजीनं घेरलंय, तेच हाताला जाणवतं."

त्याचा चेहरा सैल झाला. "मीही तेच म्हणतो!" माझ्या खांद्यावर थाप मारली. "शर्टाची कॉलर कडक कर. तिथं माझ्यासाठी एक मुलगी दाखवणार आहेत."

शनिवारी संध्याकाळी उस्ताज सोडून इमारतीत कुणी उरलं नव्हतं. त्यांची खिडकी तेवढी उजळलेली होती.

रविवारी दुपारची अजान होऊन गेली होती. आभाळ भरून आलं होतं, समुद्राकडून खारट वारा येत होता. उस्ताज खाली आले, हातात झाकलेली थाळी. रोज तेच स्वयंपाक करायचे आणि बायकोला आणून द्यायचे, आणि रोज तेच भांडण.

"मुलुखियाची भाजी केलीय. लसूण जळला थोडा."

"वासावरून कळलं."

"मग घरी येऊन तू कर."

सित्त इन्शिराह यांनी थाळी घेतली आणि लगेच माझ्या काउंटरवर ठेवून दिली. चेहरा पांढरा पडला होता. धडधड आली होती. उजवा हात हवेत काहीतरी शोधत होता. खुर्चीचं प्लॅस्टिक, काउंटरची कडा, कशानंच भागेना.

"नादरच्या बाबा, तुमचा हात द्या."

"रस्त्यात?"

"द्या."

उस्ताजनी इकडंतिकडं पाहिलं. मग माळ खिशात टाकली, शेजारच्या पेटीवर बसले आणि तळहात पुढं केला. सित्त इन्शिराह यांनी त्याच्यावर आपला पंजा टेकवला आणि त्या बोटं उचलायला लागल्या, एक, दोन, तीन. उस्ताजचे कान लाल झाले होते, पण त्यांनी हात काढला नाही. "नखं कापत जा," एवढंच म्हणाले.

मी लाजून नजर वळवली, आणि बदीर दिसला. कोपऱ्यावरून मक्याची पिशवी खांद्यावर घेऊन येत होता. नेहमीसारखं ओरडला, "अरे व्वा! भिंतीला सवत आली की, उम्म नादर!"

सित्त इन्शिराह यांनी डोळे उघडले. "बदीर, आज नको जाऊ. बाळा, ऐक माझं. आज नको."

"पिलं आहेत वर. दहा मिनिटं." आणि जाता जाता माझ्याकडं पाहून डोळा मारला. त्या डोळा मारण्याचा अर्थ आम्हा दोघांनाच माहीत होता. मी इस्त्री खाली ठेवली. तोंड उघडलं. हाक मारायची होती, "थांब, मी नीट हात लावला नव्हता." दोन-तीन श्वासांएवढा वेळ होता माझ्याकडं. तो दारात शिरला.

किती वेळ गेला सांगता येत नाही. आधी कबुतरं उडाली. सगळी एकदम, काळ्या ढगावर मूठभर पांढरे दाणे फेकावेत तशी. मी मनात म्हटलं, पोचला वर, खुराडं उघडलं त्यानं. पुढं पोत्यातून गहू ओतल्यासारखा आवाज आला, लांबलचक, हलका. आणि जिन्याची बाजू, वरपासून खालपर्यंत, गुडघ्यात मोडावी तशी खाली बसली. मोठा आवाज नंतर आला. धूळ गल्लीतून आमच्यावर आली, आणि काही वेळ मला माझे स्वतःचे हात दिसेनात.

धूळ बसली तेव्हा तिसऱ्या मजल्यावर उस्ताजची स्वयंपाकाची खोली उघडी दिसत होती. शेगडीवर पातेलं तसंच होतं. त्याच्यापुढं काही नव्हतं. ते दोघं अजून एकमेकांचा हात धरून होते. उस्ताज एकच वाक्य परत परत म्हणत होते, "मी आता वरच जाणार होतो. थाळी देऊन वरच जाणार होतो."

आम्ही हातांनी दगड उपसले. गल्लीतले सगळे, गोदीतले त्याचे मित्र, नंतर अग्निशमनवाले. संध्याकाळी बदीर सापडला, चौथ्या मजल्याच्या पायऱ्यांखाली. कबुतरं दोन दिवस त्या मोकळ्या जागेवर घिरट्या घालत राहिली, बसायला जागा शोधत. तिसऱ्या दिवशी वादळ आलं आणि ती कुठं गेली कुणाला कळलं नाही.

सित्त इन्शिराह आणि उस्ताज आता शहराच्या कडेला अजमी भागात, सित्तच्या बहिणीच्या तळमजल्यावरच्या घरात असतात. मी एकदा भेटून आलो. डॉक्टरीणबाईंनी अखेर गोळ्या सुरू केल्यात. मला चहा दिला, गल्लीची चौकशी केली. रबाब, हाज, सगळे त्यांना भेटायला येतात, माफी मागतात, हाताची चुंबनं घेतात. त्यांना ते नको असतं. मला म्हणाल्या, "ऐकलं सगळ्यांनी, उशिरा का होईना. त्या एकट्यानंच का नाही ऐकलं, शहाता? मी त्याला नीट सांगितलं नाही का?"

मी चहा प्यायलो. तिथं मला सांगता आलं नाही.

दोन महिन्यांनी दुकानात एक बाई आली. काळा पोशाख, दमनहूरकडची बोली. बदीरची बहीण. त्याचा एक शर्ट इस्त्रीला होता असं कुणीतरी सांगितलं होतं तिला. मी शर्ट कागदात बांधून ठेवला होता. काढून दिला. तिनं कागद उघडला, कॉलरवरून बोट फिरवलं.

"सगळे निघून गेले होते म्हणतात. मग हाच का वर गेला?"

"पिलं होती."

"पिलांसाठी मरण्याएवढा तो खुळा नव्हता. कुणीतरी सांगितलं असेल त्याला, काही होत नाही म्हणून."

मी दोन्ही हात काउंटरवर ठेवले. मग म्हणालो, "मी सांगितलं. त्यानं मला विचारलं होतं, हात लावून पाहिलास का. मी हो म्हणालो."

"लावला होता?"

"नीट नव्हता लावला."

ती माझ्या हातांकडं बघत राहिली. मी ते काउंटरखाली घेतले नाहीत. तिनं शर्ट पुन्हा कागदात घातला, दोरा दोनदा गुंडाळून गाठ मारली आणि दाराकडं वळली. मी सलाम केला. तिनं तो घेतला नाही.